‘शिकारीचा सेट’ घेताय? आधी बाण वाकवून पाहा

तुरीत रानडुकरं आणि रोही (नीलगाय) घुसून बेजार झालेला माणूस बाजारात धनुष्यबाण दिसला की थांबतोच. त्याच्या गळ्यात ‘शिकारीचा सेट’ मारला जातो: एक धनुष्य, सहा कार्बनचे बाण, दोन धारदार पात्यांची टोकं, आर्मगार्ड, फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवर घालायचं आवरण). बिल मागितलं तर ‘पुढच्या बाजारी देतो’. पहिली थाप ‘शिकारीचा’ या नावातच. परवानगीशिवाय रानडुक्कर किंवा रोही मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ‘शेतकऱ्याले चालते भाऊ’ म्हणणारा विकून मोकळा होतो, केस वावरवाल्यावर होते.

पाती बाजूला ठेवून नुसता पोत्यावर सराव करायचा म्हटलं तरी खरा धोका बाणातच असतो. तपासायला आलेल्या अशाच एका सेटमध्ये सहापैकी दोन बाणांना नॉकजवळ (मागच्या टोकाची, दोरीत बसणारी खाच) चकचकीत नवं स्टिकर होतं. ते सोलल्यावर खाली बोटभर लांब चीर. चीर तिथंच पडते, कारण लक्ष्यात रुतलेल्या बाणाच्या मागच्या टोकावर पुढचा बाण आदळतो. स्टिकर शोभेचं म्हणून विकलं जातं, काम झाकणाचं करतं.

दोरी सुटते तेव्हा सगळा जोर मागून येतो आणि बाण क्षणभर वाकतो. चिरलेला असेल तर तिथंच फुटतो. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात किंवा मनगटात कार्बनच्या सळया घुसतात. ‘गार्ड घातला की हाताले काही होत नाही’ ही सगळ्यात महागात पडणारी थाप. आर्मगार्ड मनगट ते कोपर या आतल्या बाजूला दोरीचा फटका बसू नये म्हणून असतो, फुटलेला बाण तो अडवत नाही. सळई घुसलीच तर उपटू नका. दवाखान्यात ‘कार्बनचा बाण होता’ हे आवर्जून सांगा, कारण एक्स-रेत कार्बन सहज दिसत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून, तोंडापासून लांब, मधे दोनेक इंच बाक येईल एवढा वाकवा. पाव फेरा फिरवून पुन्हा, असं चारदा. मग हलकासा पिळा. कटकट आवाज आला की बाण बाद. नंतर कापसाचा बोळा दांडीवरून फिरवा (कापसाला आपल्याकडं काय तोटा!), तंतू अडकले तिथं उसवलेला कार्बन आहे. विकणारा स्टिकर काढू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

लांबीतही गंडवतात. तुटके बाण कापून ‘हलके’ म्हणून देतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी इंचात मोजा, तिला अडीचनं भागा: ६५ इंचाला २६. तुम्ही दोरी साधारण एवढी ओढाल. नवशिक्याचा बाण त्याहून किमान दोन इंच लांब हवा. आखूड बाण पूर्ण ओढल्यावर रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो ती जागा) मागं घसरतो आणि सुटताच धनुष्य धरलेल्या हातात शिरतो.

बाणाच्या ताठपणाच्या आकड्याची गंमत वेगळीच. ‘१००० नंबर, ५०० च्या दुप्पट मजबूत’ असं सांगतात. उलट आहे. २८ इंचांवर टेकवलेल्या दांडीच्या मध्यावर ८८० ग्रॅम वजन लावलं की ५०० चा बाण अर्धा इंच झुकतो, १००० चा पूर्ण इंच. म्हणजे मोठा आकडा मऊ. चाळीस पौंडी (पूर्ण ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागणाऱ्या) धनुष्यावर असा मऊ बाण देणं म्हणजे तो फुटायची सोय करणं.

टॅबचं थोडक्यात: रेक्झिनचा नको, चामड्याचा घ्या, आणि उजव्या हाताचाच आहे ना ते बोटांत घालून पाहा.

ज्यांचे बाण बाद होतात त्यांनी ते तसेच भंगारात देऊ नयेत. टेप गुंडाळून मधोमध करवतीनं कापा, हातानं मोडू नका. अख्खे दिले तर नवं स्टिकर लावून तेच बाण पुढच्या बाजारात येतात.