पावसाळ्यात सी-प्लेनचं खोकं: सिलिका जेल घ्यावं की कॅल्शियम क्लोराइडचा डबा?

जूनमध्ये माळ्यावर गेलेलं रिमोटचं सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं मॉडेल विमान) गणपतीनंतर खाली उतरवलं की हलच्या, म्हणजे पाण्यावर टेकणाऱ्या पोटाच्या, आत काळे ठिपके, बॅटरीच्या वेल्क्रो पट्टीवर पांढरा भुरा आणि झाकण उघडताच कुबट वास. पुण्यातल्या बऱ्याच मॉडेलवाल्यांना हे दृश्य नवं नाही. त्यावर बाजारात दोन गोष्टी सहज मिळतात: कपड्यांच्या कपाटासाठी विकले जाणारे कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे डबे आणि केशरी दाण्यांचं सिलिका जेल. आमचा निकाल आधीच सांगतो. विमानाच्या खोक्यात सिलिका जेलच ठेवावं. कॅल्शियम क्लोराइडचा डबा खोक्याबाहेर, कपाटाच्या तळाशी ठेवावा.

कॅल्शियम क्लोराइड कमी पाणी ओढतं म्हणून हा निकाल नाही. उलट दमट हवेत ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी घेतं, सिलिका जेल त्याच्या जवळपासही जात नाही. अडचण आहे ती खालच्या कप्प्यात साठणाऱ्या द्रावाची. डबा कलंडला किंवा वरचा पडदा फाटला की तो खारट द्राव मोटरच्या बेअरिंगमध्ये, पुशरॉडवर (शेपटीचे भाग ओढणारी सळई) आणि सर्व्होच्या (ती सळई हलवणारी छोटी मोटर) पिनांवर जातो. हवेतली आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय हा द्राव वाळत नाही, म्हणजे पावसाळाभर तो ओलाच राहतो आणि धातू खात बसतो. सांडलाच तर नुसतं पुसून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक्स काढून तो भाग साध्या पाण्याने दोनतीनदा धुवा.

सिलिका जेल कोरडंच राहतं. दाणे केशरीचे गडद हिरवे झाले की ते पाण्याने भरले, हे डोळ्यांना दिसतं. ओटीजीमध्ये ११० अंशांवर दोनतीन तास, ट्रेमध्ये पातळ पसरून ठेवले की पुन्हा केशरी होतात. १२० च्या वर नेऊ नका, रंग जळतो आणि मग दाणे भरलेत की रिकामे ते कळत नाही. निळे दाणे टाळा, त्यांच्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं.

आता किती लागतं ते. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर १०० लिटरच्या बंद खोक्यातली हवा ५० टक्क्यांवर आणायला जेमतेम १ ग्रॅम पाणी काढावं लागतं. एवढं काम छोट्या पुड्याही करतील. खरं पाणी दडलेलं असतं ते बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) आणि प्लायमध्ये, वेल्क्रोत, रिसीव्हरभोवतीच्या (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) स्पंजात आणि सगळ्यात जास्त विमानासोबत आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. एक किलो पुठ्ठा दमट हवेत जे पाणी धरतो, त्यातलं ५० ग्रॅमच्या वर कोरड्या हवेत सोडतो. म्हणून पहिलं काम म्हणजे पुठ्ठा बाहेर काढायचा. मग रबरी पट्टीच्या झाकणाचं प्लॅस्टिकचं खोकं घ्यायचं आणि १०० लिटरला ५०० ग्रॅम दाणे मलमलच्या दोन पिशव्यांत विभागून ठेवायचे. ५० टक्के आर्द्रतेला हे दाणे १०० ग्रॅमच्या आसपास पाणी धरतात. झाकणाला रबरी पट्टी नसेल तर दाणे भराभर हिरवे होतील. तो दोष दाण्यांचा नव्हे.

आत स्वस्तातला डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) हवाच, पण त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, पातळ होऊ देऊ नका. हायग्रोमीटरसोबत ते झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ८१ दिसलं तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ६ वजा करा. खोक्यात ५५ च्या खाली राहिलं तर बुरशी धरत नाही. ७० ओलांडलं की धोका वाढतो.

बुरशी आधीच असेल तर जेल ती मारत नाही, फक्त वाढ थांबवतं. साफसफाई आधी करावी लागते. बॅटरी काढा, एन९५ मास्क लावा आणि काम बाल्कनीत करा, पंख्याखाली नको. कोरडा ब्रश फिरवू नका, बीजाणू सगळीकडे उडतात. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा आणि दर वेळी कापडाची नवी बाजू वापरा. ९९ टक्क्यांचं इथे कमी उपयोगी, कारण ते मारण्याआधीच उडून जातं. ते सर्व्हो आणि ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) सर्किटच्या पाट्यांसाठी राखून ठेवा. बेअरिंगला अल्कोहोल लागलं तर नंतर तेलाचा एक थेंब द्या, आतलं तेल धुऊन गेलेलं असतं. ईपीओ (मॉडेल विमानांचा चिवट फोम) आणि थर्माकोल दोन्हींना अल्कोहोल चालतं, पण रंग आणि स्टिकरवर आधी कोपऱ्यात करून बघा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं तर थर्माकोल विरघळतो.

फोम हा बुरशीचा खुराक नाही. ती जगते तळ्यातल्या शेवाळाच्या थरावर, बोटांच्या तेलकट डागांवर आणि स्टिकरच्या गोंदावर. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर फ्लोट (विमानाखालचे तरंगणारे भाग) आणि हल गोड्या, स्वच्छ पाण्याने धुणं हा निम्मा इलाज.

बाल्साचं प्रकरण वेगळं. कव्हरिंगखाली (लाकडावर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म) काळपट डाग दिसला तर तेवढी फिल्म कापून लाकडावर नख दाबा. नख रुतलं तर तो तुकडा बदला, औषधोपचारात वेळ घालवू नका. लाकूड घट्ट असेल तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड डिस्टिल्ड पाण्याने निम्मं करून लावा, डागही फिके होतात. ब्लीच टाळा. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, क्लोरीनचा परिणाम वरच राहतो आणि जवळचे स्क्रू गंजतात. व्हिनेगर किंवा अल्कोहोलमध्ये ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतात.

वाळवायला पंखा आणि दोन दिवस. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला फोम वाकतो. नंतर दोन्ही फ्लोट वेगवेगळे वजन करा. एक जड भरला तर आत अजून पाणी आहे. तसंच खोक्यात टाकलं तर जेलही वाया आणि सीजीही (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) बिघडलेला.

सुटे केशरी दाणे रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास पॅकिंगचं सामान आणि केमिकल विकणाऱ्यांकडे विचारा, हायग्रोमीटरसाठी पासोड्या विठोबाच्या बाजूची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बघा. दाणे किलोने घ्या. तयार पुड्यांत कागदाचे पैसे जास्त, जेल कमी, आणि बऱ्याच पुड्यांतले दाणे पांढरे असल्याने ते कधी भरले हे कळायला मार्ग नसतो.