३.३ केव्हीच्या केबलसाठी क्लास १ चे रबरी हातमोजे: आठ महिन्यांनंतर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीत मी इलेक्ट्रिशियन आहे. शॉव्हेल (विजेवर चालणारं मोठं खोदयंत्र) सरकली की तिच्यामागची ३.३ केव्हीची, म्हणजे ३,३०० व्होल्टची, ट्रेलिंग केबलही (यंत्रामागे जमिनीवरून ओढली जाणारी केबल) सरकवावी लागते. मार्चपासून या कामाला क्लास १ चे मोजे वापरतोय. वापराची मर्यादा ७,५०० व्होल्ट, चाचणी १०,००० व्होल्टवर, मनगटाशी पांढरी खूण.

केबलवर जाड रबर आहे, आत अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली, तारांची जाळी आहे, मग मोजे कशाला, असं नवीन पोरं विचारतात. पण ही केबल दगडांवर घासते, बेंचवरून (खाणीतल्या पायरीवरून) सुटलेला ढेकूळ तिच्यावर पडतो, कधी डंपरचं चाक जातं. आतली जाळी तुटलेली असते, आवरणाला बारीक चीर असते आणि वरून चिखल बसलेला. डोळ्यांना ते दिसत नाही.

मे महिना कठीण गेला. घामाने बोटं आत चिकटायची, मोजा ओढून काढावा लागायचा. आतून पातळ सुती मोजे घालायला लागलो तेव्हा जमलं. ते रोज धुऊन वाळवतो. रबरी मोज्यांवर चामड्याचे मोजे हवेतच, आणि त्यांची कड रबराच्या कडेपेक्षा किमान एक इंच खाली, बोटांच्या बाजूला, राहिली पाहिजे. नाहीतर ओलं चामडं वीज थेट मनगटापर्यंत आणतं.

जुलैत एका सकाळी कड गुंडाळून मोज्यात हवा कोंडली, गालाजवळ धरली, तर अंगठ्याच्या मुळाशी हवेची बारीक झुळूक लागली. आदल्या पाळीत जोडीदाराने घाईत चामड्याच्या मोज्यांशिवाय तेच वापरले होते. भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. त्या दिवशी तो आणि मी बराच वेळ काही बोललो नाही. जोडी तिथेच कापून टाकली, म्हणजे चुकूनही कोणी पुन्हा घालणार नाही. तेव्हापासून प्रत्येक वेळी, चहानंतर पुन्हा घालतानासुद्धा, हवा भरून बघतो.

दुसऱ्या जोडीबाबत माझी तक्रार पुरवठादाराबद्दल आहे. मोजे मार्चमध्ये हातात आले, चाचणीचा शिक्का जानेवारीचा. सहा महिने शिक्क्यापासून मोजायचे, म्हणजे जुलैत पुन्हा चाचणीला पाठवणं आलं, आणि ते परत येईपर्यंत तिसरी जोडी लागली. घेताना शिक्का बघूनच घ्या.

ग्रीसपासून जपा. शॉव्हेलचं ग्रीस लागलं आणि पुसायचं राहिलं, तर तेवढी जागा फुगून मऊ पडते. मी मोजे घडी न घालता पिशवीत लटकवून ठेवतो, उन्हापासून आणि चालू मोटारींपासून लांब.

पकड चांगली आहे, पण मोजे असले तरी मी चालू केबल हाताने उचलत नाही. इन्सुलेटेड हुकानेच ओढतो. मोजे त्यानंतरचा बचाव आहेत. लांब पल्ल्याचं हलवणं असेल तर सप्लाय बंद करून घेतो. जॉइंट किंवा प्लग उघडायचा असेल तर मोज्यांच्या भरवशावर कधीच नाही: शटडाऊन, कुलूप, टेस्टरने खात्री, मग अर्थिंग. बंद केलेल्या केबलमध्येही चार्ज उरतो, तो जमिनीत सोडल्याशिवाय हात लावत नाही.

आता पुढच्या खरेदीत प्रत्येक केबलवाल्यामागे दोन जोड्या मागितल्या आहेत, एक चाचणीला गेली की दुसरी हातात असावी म्हणून.