हँडब्रेकच्या एका नटाचे 5,800 रुपये

साताऱ्यात समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना हँडब्रेकचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आमची गल्लीच चढाची आहे. गाडी लावायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा आणि मागच्या चाकाला दगड लावायचा, ही इथली रीतच. गाडी छोटी आहे, नऊ वर्षांची, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, आणि त्याला आतून घासून अडवणारं अस्तर ते लायनर. गेल्या उन्हाळ्यापासून हँडब्रेकचा दांडा वर-वर यायला लागला होता. आधी सहा-सात टकांत (दांडा ओढताना टक्-टक् वाजतं, ती एकेक टक) घट्ट बसायचा, तो अकरा टका ओढला तरी ढिलाच. एकदा दारात गाडी न्यूट्रलला असताना आई उतरत होती. तिचा एक पाय रस्त्यावर, एक गाडीत, आणि गाडी वीतभर मागे सरकली. मी पाय ब्रेकवर दाबला म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर गाडी गॅरेजला नेली.

नेहमीचा फिटर गावी गेला होता, म्हणून दुसरीकडे गेले. हीच पहिली चूक असं म्हणणार नाही, नवीन ठिकाणी जावंच लागतं कधीतरी. चूक पुढे झाली. मालकाने दांडा एकदा ओढून बघितला आणि लगेच निदान सांगितलं, "मॅडम, केबलच गेलीय की. लायनर पण संपले असणार." चाक काढलं नाही, गाडी जॅकवर घेतली नाही. "संध्याकाळी या, करून ठेवतो." मी गाडी ठेवली आणि रिक्षाने घरी आले.

संध्याकाळी वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेला माल मला दाखवला: तार सुटलेली केबल, पत्र्यापर्यंत घासलेले चार लायनर. बिल साध्या चिठ्ठीवर. केबल 1,900, लायनर 1,450, ड्रम टर्निंग (म्हणजे ड्रम लेथवर घासून गुळगुळीत करणं) 800, लेबर 1,650. एकूण 5,800 रुपये. दांडा ओढून बघितला तर तिसऱ्या टकेला दगडासारखा घट्ट. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे आभार मानले आणि पैसे दिले.

दोन दिवसांनी रविवारी आईला घेऊन यवतेश्वरला निघाले. घाट चढताना गाडी ओढेचना. तिसऱ्या गिअरला दम नाही, दुसऱ्यात टाकली तरी जड. आई म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." मला वाटलं क्लच असेल. वर पोहोचून उतरले तर डाव्या मागच्या चाकाजवळ नुसता हात नेला तरी झळ लागत होती. तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या लायनरचा तिखट वास. हँडब्रेक पूर्ण खाली होता, तरी चाक आवळलेलं होतं. आईने पाण्याची बाटली पुढे केली, पण तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर तो तडकू शकतो, म्हणून ओतलं नाही. अशा तापलेल्या ब्रेकवर घाट उतरायला घेतला असता तर पायाच्या ब्रेकनेही दगा दिला असता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

माझा मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला आहे. त्याला फोन केला. तो स्कूटरवरून दहा नंबरचा पाना खिशात घालून वर आला. दोन स्क्रू काढून त्याने दांड्याखालचं कव्हर उचललं आणि मला म्हणाला, "हे बघ, इकडे वाक." केबल ताणून धरणारा नट तिथे होता. दांड्याच्या सळीचे टोकाकडचे आटे जुन्या धुळीने काळे पडलेले, आणि त्यांच्या नि नटाच्या मधले सात-आठ आटे कोरे चकचकीत. नटाच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे. "इतकंच केलंय त्यांनी," मामा म्हणाला. तोपर्यंत ड्रम निवला होता. नट आठ आटे मागे घेतला, तसं चाक मोकळं झालं. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली आलो.

दुसऱ्या दिवशी मामाच्या अंगणात सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावून, गाडी स्टँडवर घेऊन मागची दोन्ही चाकं काढली. ड्रम निघाला तर आत नऊ वर्षांची काळी भुकटी तशीच. ती तोंडाने फुंकायची नसते, छातीत जाते. मामाने ओल्या फडक्याने पुसली. लायनर गाडीबरोबर आलेलेच होते. डावीकडचे तापून काळवंडले होते, तरी निम्म्याहून जास्त शिल्लक. केबलच्या क्लिपवरचा गंज हललेलासुद्धा नव्हता. ड्रमला लेथचा एक ओरखडा नाही. वर्तमानपत्रावर मांडलेला तो माल माझ्या गाडीचा नव्हताच.

खरा दोष काय होता तेही सांगते, कारण पुष्कळांच्या गाडीत हाच असतो. लायनर झिजत जातो तसं ड्रममधला ॲडजस्टर आपोआप पुढे सरकून अंतर भरून काढतो. माझ्या गाडीत तो भुकटीने नि गंजाने जाम झाला होता. अंतर वाढलं, म्हणून दांडा वर येत होता. अशा वेळी आधी ड्रम उघडायचा, ॲडजस्टर साफ करून लायनर ड्रमच्या जवळ आणायचे, आणि मग उरलेली ढिलाई नटावर काढायची. उलट करून नुसता नट पिळला की दांडा झकास घट्ट लागतो, पण लायनर मोकळे होतच नाहीत आणि ॲडजस्टरही काम करायचं थांबतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, ते अशामुळेच. दांडा दोन-तीन टकांतच घट्ट होत असेल तर खूश होऊ नका. किती टका हव्यात ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, छोट्या गाड्यांत साधारण पाच ते आठ. आणि काम झाल्यावर मागची चाकं उचललेली असतानाच दांडा खाली करून हाताने फिरवून दाखवायला सांगा. दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, आणि दांडा ओढल्यावर दोन्ही अडली पाहिजेत.

ड्रम उघडताना मी समोर उभी राहायला हवी होते. लायनर बदलायचे म्हणाले तेव्हा जुन्यावर खडूने खूण करायला हवी होती. आणि जीएसटी नंबर असलेलं छापील बिल मागायला हवं होतं. ते नसल्यामुळे मी भांडायला गेले तेव्हा मालक सरळ म्हणाला, "ही चिठ्ठी आमची कशावरून?" सुदैवाने पैसे मी फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद होती. आटे, क्लिप, लायनर यांचे फोटो मामाने काही हलवायच्या आधीच काढायला लावले होते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार असं गॅरेजवाल्याला लिहून कळवलं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बारा दिवसांनी 4,150 रुपये परत आले. लेबर दिलं नाही.

आता दांडा सहाव्या टकेला बसतो. परवा त्याच गॅरेजवरून जाताना एक गाडी दिसली, नंबर पुण्याचा, शेजारी एक वयस्क काका रिक्षाची वाट बघत उभे. मी थांबून विचारलं, कसलं काम? "ब्रेकचं. संध्याकाळी या म्हणालेत." मी त्यांना फोनमधले फोटो दाखवले. काका परत आत गेले आणि गाडीच्या मागच्या चाकाजवळ खुर्ची मागून बसले.