पायथनमध्ये तारीख वाचताना: स्ट्रपटाइम की फ्रॉमआयसोफॉरमॅट?

मजकुरात लिहिलेली तारीख पायथनला समजेल अशा तारखेत बदलणारी ही दोन फंक्शन्स. मजकूर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (वर्ष-महिना-दिवस), म्हणजे २०२५-०४-०३ असा असेल, तर सरळ फ्रॉमआयसोफॉरमॅट वापरा. साचा (दिवस, महिना, वर्ष कोणत्या क्रमाने आहेत ते) लिहावा लागत नाही, वेगही बराच जास्त. फक्त पायथनची आवृत्ती बघा: ३.११ च्या आधी वेळेच्या शेवटी ‘झेड’ (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची खूण) आला की एरर यायची.

स्ट्रपटाइमला साचा आपण द्यायचा, त्यामुळे जबाबदारीही आपली. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? दिवस-महिन्याची अदलाबदल झाली तरी एरर येत नाही, चुकीची तारीख गुपचूप डेटाबेसमध्ये जाते. १३ किंवा पुढची तारीख येईपर्यंत पत्ताच लागत नाही, आणि हेच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. महिन्यांची नावं लोकॅलवर (संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून, ते वेगळंच. बाहेरून आलेल्या फाइल्सपुरताच स्ट्रपटाइम ठेवा. स्वतः तारीख लिहिताना मात्र आयसोफॉरमॅटच (तारखेचा आयएसओ मजकूर करणारं फंक्शन), तेही टाइमझोनसकट.