घरगुती थायरॉईड कार्ड टेस्ट: ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका

बोटातल्या रक्तावर टीएसएच तपासणारं हे कार्ड वापरायला सोपं आहे. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन: ग्रंथी मंदावली की ते वाढतं, जास्त चालली की घटतं. पाकिटात कॅसेट, बफरची बाटली, ड्रॉपर, लॅन्सेट (बोट टोचायची सुई) आणि स्पिरिटचा स्वॅब असतो. रक्त खळग्यात सोडायचं, वर बफरचे थेंब टाकायचे आणि पत्रकात दिलेल्या मिनिटांनीच वाचायचं. टीएसएच साधारण 5 च्या वर असेल तर ‘टी’समोर रेघ उमटते. ‘सी’ म्हणजे कंट्रोल, कार्ड नीट चाललं याची खूण; तिच्यासमोर रेघ आलीच नाही तर निकाल बाद.

बोट पिळू नका. पिळल्याने ऊतींमधलं पाणी मिसळतं, नमुना पातळ होतो आणि रेघ फिकी पडते. हात कोमट पाण्याने धुऊन नीट कोरडे करावेत, बोटाच्या कडेला टोचावं आणि पहिला थेंब पुसून टाकावा. वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ धरू नये.

इथवर तक्रार नाही. खरी उणीव पुढे आहे: हे कार्ड फक्त वाढलेला टीएसएच पकडतं. टीएसएच 2 असो की 0.05, कार्डावर तीच एक ‘सी’ रेघ. आणि हृदयाला मोठा धोका त्या 0.05 मध्येही असतो. टीएसएच इतका कमी म्हणजे ग्रंथी जास्त चालते आहे, आणि त्याने एट्रियल फिब्रिलेशन होऊ शकतं. ठोके अनियमित पडतात, हृदयात गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रामिंगहॅम अभ्यासात साठीपुढच्या, टीएसएच 0.1 किंवा त्याखाली असलेल्यांना पुढच्या दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका सुमारे तिप्पट आढळला. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं ही लक्षणं असताना या कार्डाचं ‘निगेटिव्ह’ दिशाभूल करतं.

पॉझिटिव्ह आलं तरी आकडा कळत नाही. 6 आणि 40, दोन्हींना रेघच. 10 च्या वर कोरोनरी आजाराचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा) धोका ठळक होतो, उपचाराचा निर्णयही बराचसा त्यावर ठरतो. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की यकृतातले एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) रक्तातून उचलणारे रिसेप्टर घटतात, रक्तात एलडीएल साचतं, खालचा रक्तदाबही चढतो. म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की स्टॅटिन (ते कमी करणारं औषध) सुरू करण्याआधी टीएसएच बघावा. थायरॉईड कमी असताना स्टॅटिन घेतलं तर स्नायू दुखावण्याची शक्यता वाढते.

मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांतल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांना हायपोथायरॉईडिझम (थायरॉईड कमी पडणं) होता. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. अशांना नुसती रेघ पुरत नाही.

आमचं मत: हे पैसे लॅबमधल्या टीएसएचवर घाला. शिरेतलं रक्त द्या, बिघाड निघाला तर फ्री टी4 (थायरॉईडच्या स्वतःच्या हार्मोनची तपासणी) करा. नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी लगेच. टीएसएच पहाटे जास्त, दुपारी कमी असतो, म्हणून पुढच्या तपासण्या त्याच वेळी करा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. काही लॅब पद्धतींत त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो. थायरॉईडची गोळी सुरू झाली तर ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, लोह-कॅल्शियम चार तासांनी. फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. हृदयरोग असलेल्यांनी डोस स्वतःहून वाढवू नये. त्यांना सुरुवातच 12.5 ते 25 मायक्रोग्रॅमने करतात.