झाकली मूठ की हलगी? छोट्या मराठी सिनेमाच्या जाहिरातीचे दोन रस्ते

मागच्या महिन्यात आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला एक पोरगा घरी आला. पहिलाच सिनेमा, तोही भयपट, शूटिंग पन्हाळ्याच्या बाजूला उरकलेलं, पैसे मित्रांचे आणि थोडे वडिलांच्या फंडातले. मोबाईलवर टीझर दाखवला: काळी विहीर, वरून दगड पडतो, पाण्याचा आवाज येतच नाही, मग तारीख. ना सिनेमाचं नाव, ना कुणाचा चेहरा. "काका, लोकास्नी कळलंच नाही पायजे काय हाय ते. आपोआप व्हायरल हुतंय." त्याच्या भागीदाराचं म्हणणं उलटं. गाणं आधी सोडू, रिक्षा फिरवू, कॉलेजं गाठू. एकाची झाकली मूठ, दुसऱ्याची हलगी. दोघांचं भांडण माझ्या दारात आलं, म्हणून हे लिहायला बसलो. बादलीत खळ घेऊन भिंतीवर पोस्टर चिकटवण्यापासून मी या धंद्यात आहे, त्यामुळं माझा कल कुठं झुकणार ते आधीच ओळखा.

झाकल्या मुठीची बाजू घेणारा माणूस हटकून एकच उदाहरण देतो, १९९९ चा अमेरिकन भयपट 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. चित्रीकरणाचा खर्च साधारण ६० हजार डॉलर, जगभरची कमाई २४ कोटी डॉलरच्या वर. तीन पोरं जंगलात माहितीपट करायला गेली आणि बेपत्ता झाली, अशी बतावणी सिनेमा लागायच्या कितीतरी आधी वेबसाइटवर सुरू होती. 'हरवले आहेत' अशी पत्रकं वाटली, कलाकारांना लोकांच्या नजरेआड ठेवलं. नायिकेच्या आईला सांत्वनाची पत्रं आली म्हणतात. ऐकायला झकासच. पण या गोष्टीतला एक भाग कायम गाळला जातो. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात वितरकानं तो सिनेमा सुमारे ११ लाख डॉलरला घेतला आणि मग जाहिरातीवर शूटिंगच्या कितीतरी पट पैसा ओतला. म्हणजे ते गूढ फुकटात पसरलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, तो पहिल्याच्या जवळपासही पोचला नाही. असली बतावणी एकदाच खपते.

आपल्याकडं ती एकदा तरी खपेल का? कोल्हापुरात शूटिंग लपत नाही. चित्रनगरीत सेट लागला की संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्याला हिरोईन कोण ते ठाऊक असतं, आणि ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून उभा राहिलेल्या पोरानं तोवर स्टेटसला फोटो टाकलेला असतो.

दुसरं उदाहरण जास्त कामाचं आहे. जुलै २००७ मध्ये अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या आधी एक झलक दाखवली गेली. तिच्यात सिनेमाचं नावच नव्हतं, फक्त पुढच्या जानेवारीची तारीख. लोक कित्येक महिने डोकं खाजवत बसले. तो 'क्लोव्हरफिल्ड'. पण नाव झाकलेल्या त्या झलकेत उघडं किती ठेवलं होतं बघा: जे. जे. अब्राम्स हे निर्मात्याचं नाव, न्यूयॉर्कमधली घरगुती पार्टी, आणि रस्त्यावर येऊन आदळणारं स्वातंत्र्यदेवतेचं मुंडकं. शिवाय उन्हाळ्यातल्या बड्या सिनेमाला आलेली गर्दी समोर आयती बसलेली. 'कटप्पानं बाहुबलीला का मारलं' हा प्रश्न जुलै २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत देशभर फिरला, कारण पहिला भाग लोकांनी आधीच पाहिलेला होता. कटप्पाची निष्ठा माहीत नसती तर त्यानं कुणालाही मारलं असतं तरी आपलं काय जात होतं?

जॉर्ज लोवेन्स्टाइन या अभ्यासकानं १९९४ साली हेच सिद्धांत म्हणून मांडलं: आपल्याला जे माहीत आहे आणि जे कळून घ्यावंसं वाटतं, त्यातल्या फटीतून कुतूहल उठतं. एका बाजूला काहीच नसेल तर फट कसली, नुसतं मोकळं रान.

मला हा धडा पुस्तकातून मिळालेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निर्मात्याच्या हट्टापायी आम्ही शहरभर काळे फ्लेक्स लावले. मधोमध प्रश्नचिन्ह, खाली 'फक्त १६ तारीख'. चार दिवसांत लोकांनी त्याचे अर्थ लावून टाकले. राजारामपुरीत साड्यांचा सेल, शिवाजी पेठेत कुणाचा तरी पक्षप्रवेश, कॉलेजच्या पोरांच्या मते मोबाईलचं नवं दुकान. बिंदू चौकाजवळच्या आमच्या फ्लेक्सवर पाचव्या दिवशी एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस चढला आणि आम्ही तक्रारसुद्धा करू शकलो नाही, कारण परवानगी आम्हीही काढलेली नव्हती. सोळा तारखेला सिनेमा लागला. साड्या घ्यायला निघालेल्या बायका काही थिएटरात आल्या नाहीत.

परवानगीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. सार्वजनिक जागेचं विद्रूपण रोखायला महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे आणि बेकायदा फलकाबद्दल गुन्हा दाखल होतो. बोस्टनमध्ये जानेवारी २००७ मध्ये एका कार्टून सिनेमाच्या प्रचारासाठी पुलांखाली, रस्त्याकडेला दिव्यांच्या पाट्या लावल्या होत्या. पोलिसांना ते बॉम्ब वाटले, शहराचे रस्ते बंद पडले आणि कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. आपल्या पोरांच्या डोक्यात चौकाचौकात बेवारस पेटी ठेवायची कल्पना आलीच, तर ती तिथंच सोडा.

आता हलगी. हा रस्ता कोल्हापूरला नवा नाही. इथले जुने सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार. आपल्या सिनेमांची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे, सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढायचे. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज भारतातल्या सर्वात जुन्या सिनेमा पोस्टरांत मोजलं जातं. काय बघायला मिळणार ते रंगवून भिंतीवर लावायचं, अशी ती शाळा.

आणि त्याहून जुनी शाळा कुस्तीची. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचं पोस्टर नीट वाचलंय कधी? पहिल्या नंबरची जोड कोण विरुद्ध कोण, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती, सगळं छापलेलं असतं. झाकलेली गोष्ट एकच, पाठ कुणाची लागणार. त्या एका गोष्टीसाठी माणूस गडहिंग्लजवरून येऊन उन्हात बसतो. दोन्ही पोरांना मी हेच पोस्टर दाखवलं. भागीदार खूश झाला, दिग्दर्शक म्हणाला, "काका, सिनेमा हाय, मैदान न्हाई."

हलगीचा आजचा अवतार म्हणजे गाणं. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला, त्याआधीच त्याची गाणी गावोगाव वाजत होती आणि चेहरे नवे असूनही कमाई शंभर कोटींच्या पलीकडं गेली. २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ला तर बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्यानं गेल्या आणि त्यांच्याच रील्सनी पुढच्या घोळक्याला बोलावलं. हे लक्षात घ्या, कारण व्हायरल हा शब्द पोरं गूढाशी जोडतात. मला तरी मराठीत जे पसरलेलं दिसलं ते बहुतेक नाचता येण्यासारखं, म्हणता येण्यासारखं, मैत्रिणीला टॅग करता येण्यासारखं होतं. झाकलेल्या गोष्टीवर माणूस डोकं चालवतो, पण हाताला काम मिळालं तर तो ती दहा जणांना पाठवतो.

हलगीतही खोट आहेच. गाणं गाजतं आणि सिनेमा पडतो, असं डझनभर वेळा पाहिलंय. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याचा सिनेमा कुठला ते वरातीतल्या निम्म्यांना सांगता येत नाही. ट्रेलरमध्ये सगळीच कथा ओतली तर तिकीट कशाला काढायचं? आणि गर्जना मोजून तिकिटं ठरत नाहीत. २००६ मध्ये 'स्नेक्स ऑन अ प्लेन' या सिनेमाच्या नुसत्या नावावर इंटरनेट महिनोन्‌महिने नाचलं, प्रेक्षकांच्या सूचनांवरून नव्यानं शूटिंगही झालं. गल्ला मात्र त्या गोंगाटाच्या मानानं फिकाच राहिला.

पैशाचं म्हणाल तर गूढ स्वस्त, हा गैरसमज आहे. काळ्या पडद्यावरची तारीख बनवायला काही लागत नाही, पण ती लोकांनी विसरू नये म्हणून दर आठवड्याला नवा धागा सोडावा लागतो. त्यासाठी सहा महिने, लिहिणारा डोकेबाज माणूस आणि तोंड बंद ठेवणारी टोळी हवी. 'डार्क नाईट' या बॅटमनच्या सिनेमाची अशी मोहीम वर्षाहून जास्त चालली, मागं अख्खी कंपनी होती. हलगीला पैसा गाण्यात आणि फिरण्यात लागतो, पण महिना-दीड महिन्यात उरकतं, आणि ती वाजवायला मंडळाची पोरं, बचत गट, कॉलेजचे ग्रुप इथं तयार आहेत. थिएटरात दाखवायची झलक दोन्हीकडं सेन्सॉरकडून पास करून घ्यावीच लागते. गूढवाल्यांना ते हमखास शेवटच्या आठवड्यात आठवतं.

मग कुणी काय घ्यावं? गाजलेल्या सिनेमाचा पुढचा भाग असेल, किंवा लोकांनी नावानं ओळखावा असा नट असेल, तर खुशाल मूठ झाका. घरगुती, विनोदी, सणावाराचा सिनेमा असेल तर झाकायला आहेच काय? थेट हलगी. अडचण या पोरासारख्यांची होते: भयपट, चेहरे नवे, पैसा बेताचा. त्यांनी कुस्तीच्या पोस्टरासारखं करावं. सिनेमाचं नाव मोठं, गाव दिसू दे, पोरगी दिसू दे, ती विहिरीला का घाबरते ते दिसू दे. झाकायचं ते फक्त विहिरीच्या तळाशी काय आहे ते. परीक्षा सोपी आहे. चहाच्या गाड्यावर अनोळखी माणसाला एका वाक्यात सिनेमा सांगायचा. "मग रं?" असं त्यानं विचारलं तर प्रश्न बरोबर झाकलाय. "बरं" म्हणून चहा संपवला तर पुन्हा बसायचं.

दगडाचा टीझर फुकट जाणार नाही. तोच ठेवा, फक्त आधी दहा सेकंद त्या पोरीची आजी लेकराला विहिरीवरून हाक मारून मागं ओढताना दाखवा, म्हणजे दगडाचा आवाज न येणं अंगावर येईल. दिग्दर्शकानं हे तरी ऐकलं.

खर्चाची वही मागितली तेव्हा मात्र दोघंही गप्प झाले. दगडवाल्याच्या आणि गाणंवाल्याच्या, दोन्ही याद्यांत शेवटची नोंद शुक्रवारच्या पहिल्या शोची होती. सोमवारी सकाळी बुकिंगच्या खिडकीवर चार माणसं दिसली तर मॅनेजर शो उतरवतो, आणि बघून आलेल्यांची बोलणी पेठेतून गावात पोचायला तेवढेच तीन-चार दिवस लागतात. २०१८ मध्ये आलेल्या 'तुंबाड'ला ती बोलणी पिकायला सहा वर्षं लागली. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. मंगळवार पेठेतल्या पोराकडं सहा वर्षं नाहीत. म्हणून वहीतले तिसऱ्या हिश्शाचे पैसे मी पेन्सिलनं खोडून शनिवारच्या पुढं लिहिले, आणि त्यावरून आता तिघांचं भांडण चालू आहे.