केडब्ल्यू व्हेरिअंट 3 कॉइलओव्हर: 14 महिने, 19 हजार किलोमीटर

माझी टोयोटा जीटी86 2014 ची. मी स्टुटगार्टजवळ राहतो. रोज कामाला याच गाडीने जातो आणि वर्षातून पाच-सहा वेळा न्यूर्बुर्गरिंग नाहीतर हॉकेनहाइम ही रेसिंग ट्रॅक गाठतो. सव्वा लाख किलोमीटरनंतर मूळचे शॉकअप ढिले पडले, तेव्हा केडब्ल्यू कंपनीचं व्हेरिअंट 3 घातलं. हे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचं एकत्र किट, ज्याची उंची आणि शॉकअपचा ताठपणा जुळवता येतो. किंमत दोन हजार युरोंच्या वर. बसवणावळ आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, वेगळी.

या किटमध्ये रिबाउंडचे 16 आणि कम्प्रेशनचे 12 खटके मिळतात. दबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला किती धरून ठेवायचं ते रिबाउंड, आणि चाक वर येताना त्याला किती अडवायचं ते कम्प्रेशन. रिबाउंडचा खटका डॅम्परच्या, म्हणजे शॉकअपच्या, वरच्या टोकाला असतो: पुढे बॉनेट उघडलं की हाताशी, मागे डिकीतलं अस्तर उचललं की. कम्प्रेशनचा खालच्या टोकाला. खटके मोजताना आधी पूर्ण बंद करा आणि मग उघडत मोजा, म्हणजे चारही चाकांची नोंद जुळते. मी वहीत तारीख, टायरमधली हवा आणि खटके लिहून ठेवतो.

पहिले पाच महिने मी या खटक्यांतच अडकून पडलो होतो. दोष दुसरीकडेच होता.

ट्यूफच्या, म्हणजे जर्मनीतल्या वाहन तपासणी संस्थेच्या, तपासणीसाठी किटसोबत जे प्रमाणपत्र येतं, त्यात गाडी किती खाली घ्यायची याची मर्यादा दिलेली असते. मी थेट त्या मर्यादेच्या तळाशी गेलो. गाडी दिसायची फार सुंदर. हॉकेनहाइमच्या गुळगुळीत डांबरावर चाललीही छान. मग नॉर्डश्लायफंवर गेलो, न्यूर्बुर्गरिंगचा 20.832 किलोमीटरचा तो जुना डोंगरी रस्ता. आरेम्बर्गचं वळण संपलं की फुक्सरोरंचा उतार लागतो, आणि त्याच्या तळाशी गाडी अशी दाबली जाते की पोटात गोळा येतो. तिथे मागचं चाक आदळलं आणि गाडी आडवी सरकली. मला वाटलं, डॅम्पर मऊ पडतोय. रिबाउंड आणखी चार खटके आवळला. पुढच्या फेरीत तर जास्तच वाईट.

याच सुमारास आई पुण्याहून आली होती. एस्लिंगेनच्या जुन्या गावात दगडी फरसबंदीवरून अगदी हळू चाललो होतो, तरी तिने दाराचा दांडा घट्ट धरलेला. म्हणाली, “अरे, गाडी उसळत नाहीये, पण सारखी थरथरतेय. चाकं मोकळी सुटतच नाहीत असं वाटतं.” तिला सस्पेन्शनमधलं काही ठाऊक नाही, पण निदान नेमकं होतं. रिबाउंड फार आवळला की एका उंचवट्यानंतर चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो. दर दणक्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे डॅम्परचा प्रवास संपतो तिथल्या रबरी अडसरावर, टेकते. मऊपणा म्हणून मला जे जाणवत होतं, ते प्रवास संपल्यावरचं आदळणं होतं.

खात्री करायला चारही डॅम्परच्या पिस्टन रॉडवर एकेक झिप टाय बांधला; डॅम्पर दबला की तो रॉडवर सरकतो आणि तिथेच राहतो. एका फेरीनंतर पाहिलं तर चारही टाय बंप स्टॉपपर्यंत ढकलले गेलेले. पर्यटकांसाठी उघड्या असलेल्या फेऱ्यांमध्ये वेळ मोजायला मनाई आहे, त्यामुळे घड्याळापेक्षा हा प्लास्टिकचा तुकडाच माझी खरी मोजपट्टी ठरला.

मग गाडी 12 मिमी वर घेतली. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: उंची जुळवायची आट्याची कॉलर फिरवल्याने स्प्रिंग कडक होते हा. उभी गाडी स्प्रिंगवर तेवढंच वजन टाकते. बदलतो तो डॅम्परमध्ये खाली दबायला उरलेला प्रवास. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला धरणारा स्प्रिंग-डॅम्परचा उभा खांब) असल्याने गाडी फार खाली घेतली की खालचे आर्म चाकाकडे वर चढतात, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, आणि गाडी खाली असूनही वळणात अधिक कलायला बघते. वर घेतल्यावर स्टिअरिंगचे हिसकेसुद्धा कमी झाले. उंची बदलली की अलाइनमेंट नव्याने करावीच लागते. त्याचे पैसे वाचवू नका. सध्या कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, पुढे उणे 1.8, मागे उणे 1.5 अंश आहे, आणि पुढच्या टायरची बाहेरची कड झिजणं थांबलंय.

एक गोष्ट अजून सलते. बसवणाऱ्या गॅरेजने मागच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळले होते. त्यामुळे आर्मच्या सांध्यातले रबरी बुश कायम पिळलेले राहिले, करकरायचे, आणि गाडी विनाकारण ताठ वाटायची. चाकांवर वजन टाकून, बोल्ट सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने आवळले तेव्हा मागचा थरथराट निम्मा गेला. हे पहिल्याच दिवशी तपासून घ्या.

आता रस्त्यावर रिबाउंड पुढे 9, मागे 10 खटके उघडा ठेवतो. कम्प्रेशन दोन्हीकडे 7. ट्रॅकवर रिबाउंड फक्त दोन खटके आवळतो आणि कम्प्रेशनला हात लावत नाही. एका वेळी एकच बदल, दोन फेऱ्या, मग वही.

ट्रॅकवर जाणारच नसाल, तर साधे, न जुळवता येणारे चांगले डॅम्पर घ्या आणि उरलेले पैसे टायरवर घाला. मला मात्र हे किट पुन्हा घ्यायला आवडेल. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, तरी स्टेनलेस स्टीलचे आटे पहिल्या हिवाळ्यानंतर हाताने फिरले. नोव्हेंबरआधी ब्रशने धूळ काढतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा एकदा. गेल्या फेरीत फुक्सरोरंच्या तळाशी गाडी दबली, सावरली आणि सरळ पुढच्या चढाला लागली. थांबल्यावर पाहिलं, झिप टाय बंप स्टॉपच्या 9 मिमी आधीच थांबला होता.